उखळ आधी, फरशी नंतर

प्रश्न : भाऊ, आमचे हे वनरक्षक होते. 27 वर्षांत आलापल्ली, सिरोंचा, धानोरा, मूल असे 9 क्वार्टर बदलले. आता समुद्रपूर तालुक्यात, वाटणीच्या जागेवर घर बांधतो आहोत. जमीन काळी. मुलगा स्लॅब म्हणतो, यांना कवेलू हवेत. दारात कडुनिंब लावायचा आहे. पण नकाशा समोर आला की मला काहीच सुचत नाही. कुठलंच घर आपलं वाटलं नाही, हे तरी वाटेल का? मला फक्त एक उखळ हवं आहे. ते जमिनीत पुरावं लागतं म्हणून आजवर घेतलं नाही. मुलगा म्हणतो, मिक्सर असताना कशाला? – एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : ताई, काहीच सुचत नाही म्हणता आणि उखळ मागता. म्हणजे सुचलंय.

मी जिल्हा परिषदेत ओव्हरसियर होतो, माझ्याही 8 बदल्या झाल्या. स्वतःच्या घराचा पाया मी घाईत तीन फुटांवर थांबवला. दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली, बोट जाईल एवढी. सिमेंटनं बुजवली, मे महिन्यात पुन्हा उघडली. आजही ती पाहिली की जीव तुटतो. म्हणून पायाबद्दल नीट ऐका.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिलात वावराला ज्या भेगा पडतात, तीच ओढाताण पायाखाली चालते. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअरला ‘अंडर-रीम्ड पाइल’ विचारा. खालच्या टोकाला फुगवटा असलेले हे खांब रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी विकसित केले. जोत्यात भर मुरुमाचीच घाला. खोदलेली काळी माती मजूर परत आत लोटतात, तेव्हा स्वतः उभ्या राहा. कडुनिंब लावाच, पण पूर्ण वाढल्यावर जितका उंच होईल तितका भिंतीपासून दूर. मुळं पाणी ओढतात, माती आकसते आणि भिंत तडकते.

छपराचं म्हणाल तर कवेलू दरवर्षी फेरावे लागतात, वानरं फोडतात, फेरणारी माणसं आता मिळत नाहीत. स्लॅब दिवसभर तापतो अन् रात्री ती धग खाली सोडतो. मी म्हणेन, स्लॅब टाका, वरून चुना मारा, आणि पश्चिमेला कवेलूची रुंद ओसरी काढा, म्हणजे दुपारचं ऊन भिंतीला लागणार नाही. एकदा भर मे महिन्यात सेवाग्रामला आदि निवासाच्या ओसरीत बसून या. 1936 चं मातीचं घर आहे ते.

याच ओसरीत उखळ बसवा, फरशीच्या आधी. खाली मुरूम ठोकून घ्या, भिंतीपासून जरा लांब ठेवा म्हणजे मुसळाचा दणका भिंतीला जाणार नाही. आणि तुम्ही मुसळ उचलल्यावर त्याचं टोक जिथवर जातं, कवेलू त्याच्या वर राहू द्या. हे माप गवंड्याला तुम्हीच उभं राहून द्या.

आपलं वाटेल का? लगेच नाही वाटणार. मी निवृत्त झालो तरी आमची ही दोन वर्षं पेट्या माळ्यावर चढवू देत नव्हती. क्वार्टरमध्ये तिखट दोन-दोन महिन्यांचंच करायचो, बदलीत भरण्या फुटतात म्हणून. तिसऱ्या उन्हाळ्यात मी बाजारातून आलो, तर अंगणात भिवापुरी मिरची वाळत होती. पूर्ण वर्षाची.