मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात, तो बिघडला आहे का?

बहुतेक वेळा नाही. भांडं साध्या काचेचं असूनही ठिणग्या उडत असतील तर आधी आतली बाजूची भिंत, बहुधा उजवी, नीट बघा. तिथे पुठ्ठ्यासारखा दिसणारा एक पातळ करडा तुकडा बसवलेला असतो. तो अभ्रकाचा असतो, आणि मॅग्नेट्रॉनमधून (लहरी तयार करणाऱ्या भागातून) येणाऱ्या लहरी त्याच्यातूनच आत शिरतात. त्यावर उडालेले तेलकट शिंतोडे जळून कोळसा होतात. कोळशातून वीज वाहते, म्हणून ठिणगी नेमकी तिथेच पडते.

प्लग काढा, ओलसर मऊ फडक्याने तो तुकडा हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. काळा डाग निघतच नसेल किंवा भोक पडलं असेल तर नवा बसवा. अभ्रकाचा पत्रा मापाने कात्रीनेही कापता येतो. पण तो काढून टाकून ओव्हन तसाच वापरू नका, वाफ आणि तेल थेट मॅग्नेट्रॉनच्या दिशेने आत जाईल.

सोनेरी काठाची बशी, चुरगळलेली फॉइल आणि आतला रंग उडून उघडा पडलेला पत्रा, हेही तपासा.

एक मात्र कळकळीने सांगतो: बाहेरचं कव्हर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा विद्युतदाब शिल्लक राहू शकतो. सगळं साफ करूनही ठिणग्या थांबल्या नाहीत तर वापर बंद ठेवून मेकॅनिकला बोलवा.