कॅबसाठी इलेक्ट्रिक गाडी घेतोय. चार्जिंग घरी करावं की बाहेर, आणि किलोमीटरला खर्च किती येतो?

पुण्यात कॅब चालवायला ईव्ही घ्यायची, तर चार्जिंग कुठे स्वस्त पडतं आणि सीएनजीच्या तुलनेत परवडतं का, असं तुम्ही विचारलंय. इथेच एकानं उत्तर दिलंय, "घरच्या प्लगला लावा, किलोमीटरला रुपया." ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. त्या भाऊंची गाडी ऑफिसला जाऊन येत असणार. कॅबवाल्यानं हा सल्ला ऐकला तर पहिलं बिल आल्यावर घाम फुटेल.

हिशोब बघा. कॅब दिवसाला पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर पळते. एसी, सिग्नल आणि गर्दी धरून युनिटला सात किलोमीटर मिळाले तरी खूप झालं. शिवाय दहा-बारा टक्के वीज चार्जिंग होतानाच वाया जाते. म्हणजे रोज तीसेक युनिट, महिन्याला आठ-नऊशे. एवढं घरच्या मीटरवर टाकलंत की तुम्ही महावितरणच्या पाचशेच्या वरच्या स्लॅबमध्ये जाता, आणि तिथलं युनिट वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचे पैसे) धरून पंधरा रुपयांच्या पुढे पडतं. किलोमीटरला अडीच रुपये झाले की नाही? बाहेरच्या फास्ट चार्जरवर अठरा ते पंचवीस रुपये युनिट, वर १८ टक्के जीएसटी. काही अ‍ॅप तो दरात दाखवत नाहीत, शेवटी जोडतात. म्हणजे तीन ते चार रुपये किलोमीटर. सीएनजी नव्वदीच्या घरात आणि शहरात किलोला बावीस-तेवीसचं अ‍ॅव्हरेज धरलं तर तोही चारच रुपये. मग एवढा उपद्व्याप कशाला?

परवडतं ते फक्त वेगळं ईव्ही मीटर घेतलं तर. त्याचा दर वेगळा, स्लॅबची भानगड नाही. स्थिर आकार वगैरे धरून मला युनिट दहा रुपयांच्या आत पडतं, म्हणजे किलोमीटरला साधारण दीड रुपया. सीएनजीशी तुलना केली तर दिवसाला चारशे-पाचशे रुपये सुटतात. हप्त्याचा मोठा भाग यातच निघतो.

आता हे मीटर मिळवायचं म्हणजे सोसायटीची परवानगी आली, आणि माझं खरं दुखणं तिथंच आहे.

आमची सोसायटी धायरीकडची. खाली स्टिल्ट पार्किंग, कोपऱ्यात मीटर रूम, तिथून माझ्या जागेपर्यंत चाळीसेक फूट. मी मागितलं काय? माझ्या नावावर वेगळं मीटर, माझ्या पैशानं केबल आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र. कॉमन मीटरची एक युनिट वीजही नको होती. वार्षिक सभेत विषय निघाला तेव्हा आमचे अध्यक्ष (निवृत्त साहेब, चष्मा कपाळावर) म्हणाले, "ही निवासी सोसायटी आहे, टॅक्सी स्टँड नाही." बाकीचे समोसे खात होते. एकानंही तोंड उघडलं नाही. मग आगीचा मुद्दा काढला. बॅटरी पेटली तर जबाबदार कोण? त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक एक्स्टेंशनची वायर खाली सोडलेली असते. जोडावर चिकटपट्टी, पावसात भिजते, आणि रोज रात्री स्कूटरला लागते. ती कुणाला कधी दिसली नाही.

तोवर मी बाहेरच्या चार्जरवर दिवस काढले. मॉलच्या तळघरातला चार्जर म्हणजे विजेचे पैसे वेगळे आणि पार्किंगची पावती वेगळी, हे कुठल्याच अ‍ॅपवर लिहिलेलं नसतं. प्रत्येक कंपनीचं वॉलेट निराळं, प्रत्येकात शंभर-दोनशे अडकलेले. एकदा माझी बॅटरी संपत आलेली, समोर एका गृहस्थांची गाडी ९३ टक्क्यांवर लावलेली आणि गृहस्थ वरती सिनेमाला. ऐंशीच्या पुढे गाडी वीज थेंबाथेंबानं घेते, त्यामुळे तो चार्जर अडलेलाच. विमानतळाची चांगली बुकिंग गेली. चार्जिंगचा खर्च विचारताना लोक युनिटचा दर विचारतात. असा बसून गेलेला तास कोणी धरत नाही, आणि कॅबवाल्याला सगळ्यात महाग तोच पडतो.

पुढे अध्यक्षांच्या मुलानं ईव्ही घेतली. पाटी माझ्यासारखीच हिरवी, फक्त त्याचे आकडे पांढरे आणि माझे पिवळे, कारण माझी गाडी धंद्याची. पेढे वाटून व्हायच्या आत त्याच्या जागेवर प्लग बसला. म्हणजे आकडे पांढरे असले की बॅटरी पेटत नाही, पिवळे असले की पेटते! हे मी पुढच्या सभेत सगळ्यांसमोर बोललो, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. बरोबर कागदही नेला होता. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आहे, त्यानुसार ईव्ही चार्ज करायला ग्राहकाला वेगळी जोडणी घेता येते. केंद्राची चार्जिंगची मार्गदर्शक तत्त्वंही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्यानं आली. साहेबांनी कागद उलटसुलट वाचला आणि ना-हरकत दिली, अटींसकट. केबल केसिंगमधून न्यायची, खर्च माझा, आणि "कॅबचे प्रवासी आवारात आणू नयेत." जसे काही प्रवासी माझ्याबरोबर प्लग बघायला येणार होते.

मीटर बसलं, चार्जर लावला, तर लाल दिवा. इलेक्ट्रिशियननं टेस्टर लावला आणि हसला. इमारतीचं अर्थिंग कधीच मेलेलं. फ्रीज-टीव्ही तसेच चालतात, म्हणून कुणाला पत्ता नाही, पण ईव्हीचा चार्जर अर्थिंग तपासल्याशिवाय करंट सोडत नाही. मग कंपाउंडच्या कडेला खड्डा खणला, पाइप पुरला, भोवती मीठ-कोळशाचे थर दिले, वरून बादलीभर पाणी ओतलं. हिरवा दिवा लागला. अध्यक्षांच्या मुलाची गाडीही मधूनमधून चार्जिंग तोडायची, त्याचंही कारण हेच निघालं. आता ती माझ्याच अर्थिंगवर आहे. वर्गणी अजून मागितलेली नाही, मार्चच्या सभेत मागणार आहे.

तर तुमच्यासाठी एवढंच: पार्किंगची जागा स्वतःची असेल आणि मीटर मिळत असेल तरच गाडी घ्या. भाड्याच्या घरात असाल, गाडी रस्त्यावर लावत असाल, तर शोरूमवाला काहीही सांगू दे, घेऊ नका. त्यापेक्षा रोजच्या भाड्यानं गाडी देणाऱ्या फ्लीटकडे जा. चार्जिंग त्यांच्या आवारात होतं आणि डोकेदुखी त्यांची. एक्स्टेंशन बोर्ड मात्र चुकूनही वापरू नका. रात्रभर पंधरा अँपियर ओढला की बोर्डाचं प्लास्टिक मऊ होतं. जाड तांब्याची केबल, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी (लोड वाढला किंवा करंट गळला की आपोआप वीज तोडणारे स्विच). इथे पैसे वाचवायचे नाहीत. साध्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर तासाला अडीच-तीन युनिट जातात, म्हणजे रात्री अकराला लावली तर सकाळी सातपर्यंत वीस-बावीस युनिट. उरलेलं दुपारी जेवताना फास्ट चार्जरवर भरायचं, तेही ऐंशी टक्क्यांपर्यंतच.

आणखी एक, चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलंय म्हणून भुलू नका. गाडी तिला झेपेल तेवढीच घेते. टाटाची एक्सप्रेस-टी, २१.५ युनिटच्या बॅटरीची, शून्यावरून ऐंशी टक्क्यांवर यायला फास्ट चार्जरवर ९० मिनिटं घेते, आणि हा कंपनीचाच आकडा आहे. जुनी गाडी घेत असाल तर हे आधी विचारा. अगदी सुरुवातीच्या काही टॅक्सी मॉडेलना जीबी/टी प्रकारची गन (गाडीत खोचायचा प्लग) लागते. आता बहुतेक ठिकाणी सीसीएस-२ असते.

मुंबईच्या फेऱ्या करणार असाल तर गणित थोडं बदलतं. राज्याच्या २०२५ च्या धोरणात द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे, ती मोठी गोष्ट. पण येताना खोपोलीवरून लोणावळ्याला चढताना टक्के झपाझप उतरतात, म्हणून घाटाच्या आधी खाली भरून घ्या. जाताना तोच घाट थोडंफार परत देतो.

माझे आकडे महावितरणच्या हद्दीतले आहेत. मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी असे पुरवठादार वेगळे आणि दरही वेगळे. रात्रपाळीचे ड्रायव्हर दिवसा चार्ज करतात. त्यांनी सकाळी नऊ ते दुपारी चार ही वेळ धरावी. केंद्राच्या २०२४ च्या तत्त्वांनुसार या वेळेत, म्हणजे सौर तासांत, सार्वजनिक चार्जिंग स्टेशनला वीज स्वस्त मिळायला हवी. स्टेशनवाला त्यातलं किती तुमच्यापर्यंत पोचवतो, ते त्याच्या दरपत्रकात बघा.

सोसायटीला अर्ज गाडी बुक करायच्या आधी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घ्या. माझ्या पहिल्या अर्जाबद्दल सभेत "असा काही अर्ज आलाच नव्हता" असं ऐकवलं गेलं, तेव्हा खिशातून तीच प्रत काढली होती.