पहिल्या टाकीची काच निवडताना

माशांची काचेची टाकी स्वतः बांधताय, छान! पहिली लहानच करा: 60 सेंमी लांब, 30 रुंद, 30 उंच. साधारण 50 लिटर पाणी मावतं आणि 6 मिमीची काच निवांत पुरते.

काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, एकूण लिटरवर नाही. नवखे इथेच फसतात. 'जरा उंच केली तर काय बिघडलं' म्हणत 45 सेंमीवर जातात, काच मात्र तीच ठेवतात. मग समोरची काच फुगते, सांध्यावर ताण येतो. लांबी वाढवली तरी काच जास्त वाकते.

- साधी फ्लोट काच (नेहमीची सपाट काच) घ्या. टफन केलेली (तापवून कडक केलेली) नंतर कापता येत नाही.
- जुन्या खिडकीची नको. तडा बहुतेकदा ओरखड्यापासूनच सुरू होतो.
- कडा उजेडात धरून बघा. टवका उडालेला दिसला तर तुकडा बदलून मागा.

कापायला देताना जाडी वजा करायला विसरू नका. डाव्या-उजव्या बाजूच्या काचा पुढच्या-मागच्या काचांच्या मध्ये बसणार असतील, तर त्यांची रुंदी 28.8 सेंमी, 30 नाही. (ही चूक फार जण करतात.)

काचा चिकटवायचं सिलिकॉन बुरशीरोधक नसलेलंच घ्या. लो-आयर्न (जास्त पारदर्शक) काच, ओव्हरफ्लोची (जादा पाणी बाहेर जायची) भोकं वगैरे दुसऱ्या टाकीला बघू.