तारण आणि उचल: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (जालना): बायबलमधल्या आपल्या पत्रांत प्रेषित पौल म्हणतो, माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो (म्हणजे देव त्याला निर्दोष म्हणून स्वीकारतो), नियमशास्त्रातल्या कर्मांनी नाही. त्याच बायबलमधल्या पत्रात याकोब म्हणतो, कृतींनी ठरतो, केवळ विश्वासाने नाही. आमच्या अभ्यासवर्गात यावरून दोन तट पडलेत. खरं कोणाचं मानायचं?

उत्तर: पौलाच्या पत्रातलं रोमकरांस 4:3 आणि याकोब 2:23 शेजारी शेजारी उघडून बसा. दोघांनीही एकच वचन घेतलंय, बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं, उत्पत्ती 15:6: अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो त्याला नीतिमत्त्व असा गणला गेला. साक्षीदार एकच, मग वाद कसला?

पौल क्रमावर बोट ठेवतो. हे वचन 15व्या अध्यायात आहे, सुंता येते 17व्यात. म्हणजे सुंतेआधीच देवाने त्याला जवळ केलं होतं. पौलाचा वाद होता तो यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना ‘आधी सुंता करा, मग आत या’ म्हणणाऱ्यांशी. याकोब थेट 22व्या अध्यायात जातो, अब्राहामाने आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवलं तिथे. त्याच्यासमोर वेगळीच माणसं आहेत: अंगावर धड कपडा नसलेल्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा’ म्हणून वाटेला लावणारी. पौल दारात अडवणाऱ्याशी भांडतोय, याकोब घरात आडवं पडून राहिलेल्याशी.

तरी ओढाताण पूर्ण मिटते असं मी म्हणणार नाही. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या जर्मन लूथरलाही ती मिटवता आली नाही. 1522च्या जर्मन नव्या करारात त्याने रोमकरांस 3:28 मध्ये मूळ ग्रीकमध्ये नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला, आणि प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला काडाचं पत्र म्हटलं. (दुष्काळात कडब्याचा भाव पाहिलेल्या आपल्या माणसाला ही शिवी वाटायची नाही.) गंमत अशी की ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकाच ठिकाणी येतात, याकोब 2:24 मध्ये, आणि तेही नकारासकट.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): माझं माहेर कॅथलिक, सासर सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट). मामंजी म्हणतात, तुमच्याकडे पुण्य साठवून स्वर्ग विकत घेतात. खरं आहे का?

उत्तर: नाही, ताई. 1547 साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने नीतिमान ठरण्याविषयी जो निर्णय दिला, त्याचा पहिलाच नियम असा: कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो असं म्हणेल तो बहिष्कृत. ‘केवळ विश्वास पुरे’ हेही परिषदेला मान्य नव्हतं, खरा वाद तिथे. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीत आउग्सबुर्ग इथे लुथरन (लूथरच्या परंपरेतली मंडळी) आणि कॅथलिक यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: स्वीकार होतो तो निव्वळ कृपेने, आणि तीच कृपा सत्कर्मांना उभं करते. या घोषणेत 2006 मध्ये मेथडिस्ट आले, 2017 मध्ये रिफॉर्म्ड, हे दोन्ही प्रोटेस्टंट पंथ. सगळे मतभेद त्याने संपले नाहीत, पण मामंजींचा आरोप काही टिकत नाही. सांगताना मात्र चहा पुढे ठेवूनच सांगा.

प्रश्न (धारूर): आम्ही नवरा-बायको दरवर्षी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातो. पाळकसाहेब म्हणतात तारण (पापातून सुटका) फुकट, आणि मग सेवा करा, दान द्या म्हणून मागे लागतात. ही उचलच झाली की?

उत्तर: या महिन्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तुमचा. उचल म्हणजे काय, हे तुम्ही मला शिकवाल. पैसा आधी हातात येतो, म्हणून दिल्यासारखा वाटतो. मग मुकादमाची वही उघडते. एक दिवस ताप आला तर खाडा, खाड्याचे पैसे कापले. हंगाम संपला तरी बाकी उरते आणि ती पुढच्या वर्षाच्या उचलीला चिकटते. पुष्कळ ख्रिस्ती घरांत देवाची वही अशीच समजतात: उपासना चुकली, खाडा.

इफिसकरांस 2:8-10 सलग वाचा. कृपेने तारण, ते देवाचं दान, कर्मांनी नाही. आणि लगेच, आपण सत्कर्मांसाठीच निर्माण झालो. ‘फेडण्यासाठी’ असा शब्द तिथे कुठेच नाही. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाचं बघा. येशू त्याला म्हणाला, ‘खाली उतर, आज तुझ्याच घरी उतरायचंय.’ तेव्हा जक्कयाने एक पैसाही परत केला नव्हता, उंबराच्या झाडावर बसला होता. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट, ही भाषा नंतरची. आधी चौपट मोजून घेऊन मग येशू त्याच्याकडे गेला असता तर ती उचल झाली असती, तीही उलटी.

तुमचे पाळक दान मागताना ‘नाहीतर’ हा शब्द वापरत असतील, तर त्यांना हाच उतारा वाचून दाखवा.

प्रश्न (परभणी): मंदिराला पंखा दिला. पात्यावर नाव घालावं का?

उत्तर: मत्तय 6:3 म्हणतं, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. तरी घातलंतच, तर पंखा सुरू झाल्यावर ते वाचता येणार नाही, एवढं बरं. पावती मात्र घ्या, मंडळीच्या हिशेबाला लागते.