मिठातलं सोडिअम पेट का घेत नाही?

प्रश्न : सोडिअमचा तुकडा पाण्यात टाकला की पेट घेतो. मिठातही सोडिअमच, तरी ते मुकाट विरघळतं. अणू आणि आयन (विद्युत प्रभार असलेला अणू) यांत फरक एका इलेक्ट्रॉनचा, मग वागणुकीत एवढी तफावत कशी?

उत्तर : पाण्याशी होणारी अभिक्रिया त्या एका इलेक्ट्रॉनमुळेच होते. सोडिअमच्या अणूत 11 प्रोटॉन, 11 इलेक्ट्रॉन. संरूपण, म्हणजे कवचांतली इलेक्ट्रॉनांची मांडणी, 2, 8, 1. धातू पाण्यात पडला की शेवटच्या कवचातला इलेक्ट्रॉन पाण्याला मिळतो, हायड्रोजन सुटतो आणि अभिक्रियेच्या उष्णतेने पेटतो. उरतो तो 2, 8 संरूपणाचा, +1 प्रभाराचा आयन. मिठात हाच आयन आधीपासून असतो. त्याच्याकडे सहज देण्याजोगा इलेक्ट्रॉनच नाही. तिसरं कवच गेल्यामुळे तो आक्रसतोही : धातूतल्या अणूची त्रिज्या सुमारे 186 पिकोमीटर, आयनची 102.

‘अष्टक (शेवटच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायला सोडिअम इलेक्ट्रॉन आपणहून देतं’ हे शिकवणं मात्र थांबायला हवं. वायुरूप सोडिअमच्या एक मोल (अणू मोजण्याचं ठरावीक एकक) अणूंतून इलेक्ट्रॉन काढायला 496 किलोज्यूल लागतात, मिठातलं दुसरं मूलद्रव्य क्लोरीन, त्याने ते घेताना 349 च मिळतात. ही तूट भरून निघते ती आयन एकत्र येऊन स्फटिक बनताना. तेव्हा सुमारे 787 किलोज्यूल बाहेर पडतात.

प्रश्न : सोडिअम आयनात 10 इलेक्ट्रॉन, निऑनमध्येही 10. मग तो निऑन का नाही?

उत्तर : मूलद्रव्य प्रोटॉनवरून ठरतं आणि ते 11 च राहतात. प्रभार म्हणजे प्रोटॉन वजा इलेक्ट्रॉन. कॅल्शिअम आयन : 20 वजा 18, म्हणून +2. अधिक चिन्ह पाहून इलेक्ट्रॉन वाढवणं ही परीक्षेतली नेहमीची चूक.

प्रश्न : आयन असल्याचं मुलांना घरी दाखवता येईल?

उत्तर : येईल. 9 व्होल्टची बॅटरी, 470 ओहमचा रोध आणि लाल एलईडी एकसरीत जोडा. एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे हवा. मोकळ्या राहिलेल्या दोन तारांना दोन्हीकडून टोक केलेल्या दोन पेन्सिली लावा. खिळे नकोत, ते गंजून पाणी गढूळ करतात. पेन्सिली कोरड्या मिठात खोचल्या तर दिवा लागत नाही, कारण आयन जागेवर जखडलेले असतात. ऊर्ध्वपातित पाण्यातही लागत नाही. त्यात अर्धा चमचा मीठ ढवळलं की लागतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे तिथे मीठ न घालताही तो मिणमिणू शकतो. पावसाळ्यात मीठ ओलसर होतं. आधी तव्यावर भाजून गार करा, नाहीतर पहिलीच पायरी फसेल. धन टोकाच्या पेन्सिलीपाशी थोडा क्लोरीन सुटतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि अर्ध्या मिनिटात जोडणी काढा.