लाईन गेली, पण कुठली?

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून नागपूरला बदलीवर आलेलं एक कुटुंब राहतं. मे महिन्याच्या भर दुपारी कूलर बंद पडला की जिन्यातून हाक येते, "लाईन गेली का वो तुमच्याकडची?" वहिनींना याची भारी गंमत वाटते, कारण त्यांच्याकडे लाईट जाते. परवा त्यांनी मला तीन प्रश्न एकदम विचारले. विजेला लाईन कसं काय म्हणतात? सिव्हिल लाईन्समध्ये नुसते बंगले आणि झाडं, तिथं लाईन कुठली? आणि 'लाईन' हा इंग्रजी शब्द आपल्या 'रेखा'वरून गेला, असं त्यांची मैत्रीण सांगते, ते खरं का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. नाही, रेखेचा आणि लाईनचा काही संबंध नाही. रेखा, रेघ, लेख, लिहिणं या सगळ्यांच्या मुळाशी ओरखडणं आहे. पानावर टोकदार काहीतरी ओढलं, उमटली ती रेघ. लाईनची सुरुवात ओरखड्यातून होत नाही, धाग्यातून होते. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस आणि 'लिनेआ' म्हणजे जवसाच्या तंतूंचा दोरा.

हो वहिनी, तेच जवस, ज्याची चटणी तुम्ही परवा ज्वारीच्या भाकरीबरोबर दोनदा वाढून घेतली. आपल्याकडे रब्बीत निळ्या फुलांचं जवस पेरतात ते बियांसाठी, तेलासाठी. युरोपात याच झाडाचा उंच, कमी फांद्यांचा वाण लावतात, त्याची ताटं पाण्यात कुजवून धागा काढतात. त्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन. त्यामुळे आपण चटणी खाल्ली आणि त्यांनी सदरे शिवले, झाड मात्र एकच.

आता धाग्याची रेघ झाली कशी, हे पाहायचं तर सुतार कामाला लागला की जवळ उभं राहावं. आमच्या माळ्याची फळी कापायची होती तेव्हा मिस्त्रीने सूत गेरूच्या पाण्यात बुडवलं, एक टोक पोराच्या अंगठ्याखाली दाबायला लावलं, दुसरं स्वतः ताणलं, मधोमध चिमटीत उचललं आणि सोडलं. फट्‌ आवाज झाला, फळीवर लाल सरळ रेघ. दोरा काढून घेतला, रेघ राहिली. लिनेआची लाईन झाली ती अशीच. आपल्याकडेही 'सुतासारखा सरळ' म्हणतातच की, आणि खुद्द 'सुतार' हा शब्द संस्कृतातल्या 'सूत्रधारा'चा. नाटकाचा सूत्रधार सगळ्यांना ठाऊक असतो, पण संस्कृतात सुतारालाही तेच नाव होतं.

इंग्रजीत हा शब्द दोन वाटांनी आला. जुन्या इंग्रजीत तो दोरखंड या अर्थाने आधीच होता. कपडे वाळत घालायची दोरी, मासे धरायचा गळाचा दोर, ही त्याची शिल्लक. पुढे फ्रेंचांकडून 'लिन्य' आला, तो रेघ, ओळ, वंश असे अर्थ घेऊन. दोघे मूळचे भाऊच, पुन्हा एकत्र नांदायला लागले आणि कुठला अर्थ कोणाचा ते ओळखू येईना. आपण ज्या कामाला रेघ, ओळ, रांग, दोर असे चार गडी ठेवतो, ते तिथे एकटी लाईन करते.

यातल्या दोरीत आणि रांगेत फार अंतर नाही. घोडदळाच्या छावणीत एक लांब दोर ताणून त्याला ओळीने घोडे बांधत. तंबूही ओळीत, पुढे शिपायांच्या बराकीही ओळीत. या ओळी म्हणजे लाईन्स. आपल्याकडे कामठीची छावणी 1821 सालची. लष्कराच्या त्या लाईन्स, मग मुलकी साहेबांच्या वस्तीला सिव्हिल लाईन्स. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी, साहेब लोक वाढले, बंगले वाढले. आज तिथे विधानभवन आहे, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, लाईन तेवढी दिसत नाही. पोलीस लाईन टाकळीचं नावही त्याच मुशीतलं.

विजेचं उत्तर तुम्हाला नळावर मिळेल. सकाळी आपण 'नळ आले' म्हणतो. नळ कुठून येणार, तो भिंतीतच असतो, येतं ते पाणी. तसंच खांबावरून जाते ती तार म्हणजे लाईन, तिच्यावर चढतो तो लाईनमन, आणि तिच्यातून येतं ते बंद झालं की लाईन गेली. तार जागेवरच असते. पुण्याची लाईट तरी कुठे जाते? दिवाही तिथेच लटकलेला असतो. तेव्हा हसायचं असेल तर दोघांनी मिळून हसू.

जवसाचं गणगोत मोठं आहे. शिंप्याकडचं लायनिंग, म्हणजे अस्तर, पूर्वी लिननचं असे म्हणून ते नाव. लिनसीड म्हणजे जवसाचं बी. जमिनीवर अंथरायचं लिनोलियम जवसाच्या तेलापासून करतात, म्हणून नावात जवसही आहे आणि तेलही. मात्र एक चकवा आहे. वनस्पतींना दोन-दोन नावं देण्याची रीत रूढ करणारा लिनिअस या गोतातला नव्हे. त्याच्या घराण्याने नाव घेतलं ते लिंडन नावाच्या झाडावरून. जवसाला 'लिनम युसिटाटिसिमम', म्हणजे अतिशय उपयोगी जवस, हे शास्त्रीय नाव मात्र त्यानेच 1753 मध्ये दिलं.

'डेडलाईन'ची लाईन खरीखुरी होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या तुरुंगतळावर कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. कैद्याने ती ओलांडली की गोळी. आता तीच मार्च अखेरीला हिशेबनिसांच्या मानगुटीवर बसते.

'लाईन मारणे' इंग्रजांच्या पदरात घालू नका, ते इथलं आहे. साहेबाला शब्दशः सांगितलं तर तो सुताराकडे बघेल.

आणि तुमचा धाकटा जामठ्याला सामना बघायला जाणार आहे ना, त्याला एवढं सांगा. समालोचक गोलंदाजाची लाईन चुकली म्हणतो ती जवसाची, आणि नव्या बॅटला खेळण्याआधी जे अळशीचं तेल चोळतात, तेही जवसाचंच.