साखर वाढली तरी दूध येतं

अगं, गरोदरपणात साखर वाढली म्हणून अंगावर दूध येणार नाही, ही भीती आधी मनातून काढ. माझ्या दोन्ही गरोदरपणांत साखर वाढली होती, दुसऱ्या वेळी इन्सुलिनही लागलं. तरी दोन्ही मुलं अंगावर प्यायली. इन्सुलिन चालू असलं तरी पाजायला हरकत नसते.

सुरुवातीला एवढंच बघ:

- पहिल्या तासातच बाळाला उघड्या छातीशी घे आणि पाज. सिझेरियन झालं तरी, हे आधीच सांगून ठेव. आपल्या बाळांची साखर जन्मल्यावर एकदम उतरू शकते, म्हणून टाचेतून रक्त घेऊन तपासतात. घाबरू नकोस.
- २४ तासांत ८ ते १२ वेळा पाज. झोपलं असेल तर उठव.
- मध, साखरपाणी, घुटी काही नाही.

पहिल्या वेळी माझी चूक झाली ती वेगळीच. तिसऱ्या दिवशीही छाती भरून आली नाही, तेव्हा 'मला दूधच नाही' असं धरून मी पाजणंच कमी केलं. आपल्याला दूध उतरायला थोडा उशीर होऊ शकतो. तोवर येणारा पिवळसर चीक थेंब-थेंब असला तरी मोलाचा. बाळाची साखर कमी म्हणून डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं तर ते दे, पण सोबत पाजत राहा आणि हाताने दूध काढत राहा. मागणी थांबली की दूध आटतं.

डिंकाचे लाडू कितीही आग्रह झाला तरी बेतानेच खा. आणि ६ ते १२ आठवड्यांत स्वतःची साखर तपासून घे, बाळाच्या गडबडीत हे राहूनच जातं.